लाल मुठी

पुंडलिकभाऊ, वाद अर्धा टाकून उठून जाणं तुमच्या स्वभावात नव्हतं. मी थकलो की तुम्ही म्हणायचे, "च्या प्या साहेब, अन् मंग पुढचं बोला." या वेळी मात्र तुम्हीच उठून गेलात. केनवडचा बाजार करून परतताना मालेगावच्या स्टँडवर छातीत कळ आली म्हणून बाकावर टेकलात. मेडशीची एसटी लागली, माणसं चढली, तुम्ही उठलाच नाहीत. मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. तोवर आपण चार महिने एकमेकांशी बोललो नव्हतो.

आज नववा दिवस. बोलायचं राहिलं ते लिहून काढावं म्हणून बसलोय. तुमचा लिहिण्यावर फारसा विश्वास नव्हता, हे माहीत आहे. माझ्या रजिस्टरकडे बघून तुम्ही म्हणायचे, "कागदाले हात नसते, साहेब." तरी लिहितो. मला दुसरं काही येत नाही.

आपली पहिली भेट केनवडच्या बाजारातली. दुष्काळ नुकता सरला होता. मी साताऱ्याकडून इकडे अकोल्याच्या बाजूला नवीन आलेला कुष्ठरोग कार्यकर्ता. एक सायकल, एक रजिस्टर आणि गोळ्यांची एक पत्र्याची पेटी. बाजाराच्या दिवशी कडेच्या लिंबाखाली बसायचो, कारण गर्दीत कोण कशासाठी आलंय ते कुणाला कळत नाही. तुम्ही शेजारीच बसून तुटक्या प्लास्टिकच्या बादल्या आणि चपलांचे पट्टे तापल्या सळईनं सांधत होतात. मुंबईचा बाहुल्यांचा कारखाना बंद पडला म्हणून गावी परत आलेला माणूस, एवढंच मला तुमच्याबद्दल कोणीतरी सांगितलं होतं.

त्या दिवशी कौसल्याबाई आल्या होत्या. शेतमजूर, वय चाळिशीच्या आत, नवरा वारलेला. उजव्या तळहाताला चार बोटं लांब फोड होता. मी पट्टी बांधत होतो आणि तुम्ही सळई बाजूला ठेवून बघत होतात.

"बाई, हे कायनं पोळलं?" तुम्ही विचारलंत.

"भाजीचा गंज उतरवला चुलीवरून," त्या म्हणाल्या. "समजलंच नाही. वास आला, मंग पाह्यलं."

त्या गेल्यावर तुम्ही मला विचारलंत, "तुमच्या गोळीनं हाताचं समजनं वापस येते का?"

मी सांगितलं की गोळीनं रोग थांबतो, पण गेलेली जाणीव बहुतेक परत येत नाही.

"मंग हात त रोजच पोळन."

मला थोडा रागच आला. मी म्हणालो, भांडं फडक्यानं धरायचं, हे मी प्रत्येकाला सांगतो. त्यावर तुम्ही जे बोललात ते माझ्या खात्याच्या एकाही पुस्तकात नव्हतं. "फडकं सुटते, साहेब. ज्याले भांड्याचा चटका समजत नाही, त्याले फडकं सुटलेलं तरी कसं समजन?"

पुढच्या आठवड्यात तुम्ही मला मेडशीला घरी बोलावलंत. विमलवहिनींनी चहा दिला आणि तुम्ही मागच्या पडवीतून एक ड्रम ओढत आणलात. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा मालकाला सांगून तुम्ही तो गावी आणला होता. आत दाट, लाल, सायीसारखं काहीतरी होतं. बाहुल्यांचे बूट त्याचे करायचे, तुम्ही म्हणालात. ड्रमवर नाव होतं प्लास्टिसोल. तुम्ही त्याला रबडी म्हणायचे, आणि मग आम्हीही तेच म्हणू लागलो.

ती रबडी काय चीज आहे हे तुम्ही मला ज्या आनंदानं समजावलंत, तो तुमचा चेहरा मला आत्ताही दिसतो. एक बारीक पांढरी पावडर, एक तेलासारखं दाट पातळ, आणि रंग. थंड असेपर्यंत हलवता येतं, ओतता येतं, महिनोन्‌महिने तसंच राहतं. मी विचारलं, मग हे वाळायला किती वेळ लागतो. तुम्ही हसलात. "हे वाळत नाही, साहेब. रंग वाळते, कारन त्यातलं पातळ उडून जाते. ह्यातलं काहीच उडत नाही. तपवलं की पावडर तेल पेऊन टाकते. मंग दोघं एकच होतात. थंडं झालं की रबरासारखं. वाकवा, दाबा, पान्यात टाका, काही होत नाही." खिशातून तुम्ही बाहुलीचा एक छोटा बूट काढलात आणि मुठीत चुरगळून सोडलात. तो पुन्हा बूट झाला.

विळ्याच्या मुठीला, सांडशीला, गंज-पातेल्याच्या कानांना हाच जाड लेप द्यायचा, असं तुमच्या मनात होतं. चटका हातापर्यंत पोचणार नाही, कडक मूठ घासून फोड येणार नाही, घामात निसटणार नाही.

सोपं वाटलं होतं. सोपं मुळीच नव्हतं.

पहिला विळा तुम्ही लाकडी मुठीसकट बुडवून मालेगावच्या बेकरीच्या भट्टीत ठेवलात. बेकरीवाले चाचा तुमच्या ओळखीचे. बाहेर निघालेली मूठ देवी आलेल्या माणसासारखी दिसत होती, सगळीकडे फोड. तुम्ही ती चाकूनं कापून बघितलीत आणि म्हणालात, लाकडात ओल असते, तापलं की वाफ निघते, ती लेपाला फोडून बाहेर येते. आणि दुसऱ्या दिवशी चाचांच्या सगळ्या टोस्टना नव्या रेनकोटचा वास. चाचा रागावले नाहीत. तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुंडलिक, तेरा काम नेक है, पर मेरा पाव भी तो बिकना चाहिए."

मग तुम्ही पत्र्याच्या जुन्या डब्याचा चौकोनी भट्टा केलात, खाली वातीचे दोन स्टोव्ह. मेडशीच्या लोहाराकडून मुठीसकट अख्खे लोखंडी विळे घडवून घेतलेत. पण उष्णता किती, हे कळायचं कसं? कारखान्यात घड्याळासारखा काटा होता. इथे काही नव्हतं. कमी तापलं तर लेप वरून घट्ट दिसायचा आणि नखानं खरवडला की पनीरासारखा भुगा व्हायचा. जास्त तापलं तर लाल रंग काळपट पडायचा आणि डोळ्यांत झोंबणारा धूर निघायचा. तीन आठवडे तुम्ही एकामागून एक लोखंडाचे तुकडे वाया घालवले. आणि एका सकाळी वहिनींच्या डब्यातली चिमूटभर साखर पत्र्याच्या तुकड्यावर घालून भट्ट्यात ठेवलीत. साखर वितळून सोनेरी झाली की भट्टा बरोबर, तांबूस झाली की जास्त. मी शास्त्र शिकलेला माणूस. मी नुसता बघत राहिलो.

तुमचं काम बघायला मी मुद्दाम बुधवारी मेडशीचा फेरा ठेवू लागलो, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. रबडी आदल्या संध्याकाळी ढवळून ठेवायची, म्हणजे आत अडकलेली हवा वर येऊन निघून जाते. विळा आधी नुसताच तापवायचा, मग मूठ खाली करून बुडवायची. तापलेल्या लोखंडाला रबडी आपोआप धरते. लोखंड जितकं गरम तितका थर जाड. आणि मग वर काढायचं, इतकं सावकाश की बघणाऱ्याला वाटावं तुम्ही थांबलाच आहात. घाईनं ओढलं तर टोकाला थेंब लोंबतो. मग पुन्हा भट्टा, मग पाण्याची बादली. तुमचा हात त्या वेळी कधी हलल्याचं मला आठवत नाही.

पहिला चांगला विळा आणि पहिली सांडशी कौसल्याबाईंना दिली. त्यांनी मूठ हातात घेतली, पण हाताला काही कळत नव्हतं. म्हणून ती त्यांनी गालाला लावली. "मऊ हाये," त्या म्हणाल्या. तुम्ही तोंड फिरवून स्टोव्हची वात सारखी करायला लागलात. ती सारखीच होती.

त्या हिवाळ्यापर्यंत माझ्या रजिस्टरमधल्या अकरा जणांकडे तुमच्या मुठी पोचल्या. मी महिन्याला बांधायचो त्या पट्ट्या निम्म्यावर आल्या. मी खूश होतो. आणि मग ज्वारीची सोंगणी, म्हणजे कापणी, आली.

कौसल्याबाई केनवडच्या एका मोठ्या वावरात सोंगणीला गेल्या. ओळीत बसल्या. शेजारच्या बाईनं विळा बघितला आणि म्हणाली, ही लाल मूठ गोळीवाल्या साहेबाच्या लोकांकडे असते. दोन बाया उठून दुसऱ्या ओळीला गेल्या. दुपारी मालकानं निरोप पाठवला की उद्यापासून येऊ नका. तोपर्यंत केनवडात फार कमी लोकांना त्यांच्या आजाराचं ठाऊक होतं. त्या दिवशी सगळ्यांना ठाऊक झालं.

त्या मेडशीपर्यंत चालत आल्या आणि विळा तुमच्या ओट्यावर ठेवला. "भाऊ, तुमचा इळा चांगला हाये. पन मले जुनाच बरा. त्यानं हात कापते, पोट नाही कापत."

मी तिथेच होतो. मी लगेच तोडगा काढला. म्हणालो, रंग बदला. लाकडासारखा तपकिरी करा, कोणाला कळणार नाही. मला तो फार हुशार तोडगा वाटला होता.

तुम्ही मान हलवलीत. "तो बी ओळखू येईन. सहा महिने लागतीन, पन येईन. ज्याच्याकडे हाये तो रगतपितीवाला, हे लोक शिकले, साहेब. रंग कोनताही ठेवा, ते तेच शिकतीन."

"मग काय करायचं?"

"लाल रंगानं कोनाचा काय गुन्हा केला? लालच ठेवू. पन सगळ्याइले देऊ."

मला ते हट्टीपणाचं वाटलं. ड्रम तर तळाला आला होता. पण तुम्ही अकोल्याला जाऊन एका व्यापाऱ्यामार्फत मुंबईहून पावडर आणि तेल मागवलंत, लाल रंग स्वतः कालवलात. लोहाराला विळ्यांमागून विळे घडवायला लावले. वहिनी ढवळायच्या, तुम्ही बुडवायचे. आणि एका बाजाराच्या दिवशी केनवडला तुम्ही गोणपाट अंथरून लाल मुठींचे विळे मांडून बसलात. माझ्या लिंबापासून दूर, मुद्दाम, दुसऱ्या टोकाला.

मी लांबून ऐकत होतो. तुम्ही रोगाचं नावही काढलं नाहीत. एका धिप्पाड शेतकऱ्याच्या हाताला तुम्ही पाणी लावलंत आणि त्याचा जुना विळा त्याच्याच हातात दिलात. "आता जोर लावा." मूठ निसटली. मग लाल मुठीचा दिलात. नाही निसटली. "दवात सोंगनी करता नं तुमी? दिवसभर करून पाहा. हाताले एक फोड आला त इळा वापस आना." तो माणूस दोन घेऊन गेला. बायका जास्त घेत होत्या. एकीनं सांडशी उचलली, दुसरीनं विचारलं, खुरप्याला असं करून मिळेल का. तुम्ही म्हणालात, खुरपं आणून द्या, पुढच्या बाजारी घेऊन जा.

दोन सोंगण्या गेल्या. तिसऱ्या वर्षी मी सायकलवरून केनवडच्या रस्त्यानं जात होतो आणि एका वावरात उभी ज्वारी कापणाऱ्या बायांची रांग दिसली. मी सायकल थांबवली. निम्म्याहून जास्त हातांत लाल मूठ होती. त्यांत कौसल्याबाई कुठे होत्या, ते मला शोधावं लागलं. ज्या मालकानं त्यांना काढलं होतं, त्याचंच ते वावर. त्याच्या घरात तुमच्या दोन सांडश्या होत्या, हे नंतर कळलं.

पुंडलिकभाऊ, त्या रस्त्यावर उभं राहून मला जे वाटलं, ते तुम्हाला त्याच संध्याकाळी येऊन सांगायला हवं होतं. मी औषध देणारा माणूस. रोग बरा करतो असं मी समजत होतो. तुम्ही न बोलता, कोणालाही उपदेश न करता, एका गावाला शिकलेली गोष्ट विसरायला लावलीत. पण मी आलो नाही. आमच्यात कौतुक तोंडावर करायची पद्धत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आणि त्याच्या बदल्यात मी काय केलं, तर अहवाल लिहिला.

तुम्ही रागावलात ते बरोबर होतं, पण मी वाईट हेतूनं लिहिला नव्हता. मला वाटत होतं की सरकारनं सामान पुरवलं तर तुमचे हाल थांबतील, दुसऱ्या तालुक्यांतल्या रुग्णांनाही मुठी मिळतील. वरच्या साहेबांना तो आवडला. त्यांनी उलट पत्रानं दोनच गोष्टी मागितल्या. मुठी वापरणाऱ्या रुग्णांची नावं गावांसकट, आणि हातात विळा धरलेले त्यांचे फोटो. पत्र घेऊन मी आनंदानं मेडशीला आलो.

तुम्ही ते माझ्याकडून वाचून घेतलंत. दुसऱ्यांदाही वाचायला लावलंत.

"फोटो कायले?"

"पुरावा म्हणून. त्याशिवाय मंजूर होत नाही."

"कौसल्याबाईचा फोटो लाल मुठीसंग. अन् खाली तिचं नाव, केनवड."

मी म्हणालो, तो कागद ऑफिसात राहील, गावात कशाला येईल. तुम्ही म्हणालात, तालुक्याच्या ऑफिसातला शिपाई कोण्यातरी गावचाच असतो. मी म्हणालो, तुम्ही शेकडो माणसांचं भलं अडवून धरताय. आवाज माझा चढला होता. तुमचा नाही.

"साहेब, शाळेत माह्यासाठी गिलास वेगळा होता. फुटका नव्हता. चांगला होता, सगळ्याइच्या गिलासापरीस नवा होता. पन तो माहा हाये, हे साऱ्या शाळेले माहीत होतं. मी आठ वर्स तहान घरी आनून भागवली. तुमी मले चांगल्या वस्तूचं सांगू नका."

त्यावर मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "ती गोष्ट वेगळी." आणि सायकल काढली. तुम्ही ओट्यावरून म्हणालात, "च्या झाला नाही अजून." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

चार महिने. बुधवारचा मेडशीचा फेरा मी सोमवारी केला, कारण सोमवारी तुम्ही मालेगावला असायचे. यादी मी पाठवली नाही, पण नाकारलीही नाही. उत्तर लांबवत राहिलो. खरं सांगायचं तर पहिल्याच आठवड्यात मला कळलं होतं की ती गोष्ट वेगळी नव्हती. तीच होती. तुमच्या घरी येऊन तेवढं एक वाक्य बोलायचं होतं. मेडशी माझ्या खोलीपासून सायकलनं दोन तासांवर. आपल्याला वेळ आहे असं मी धरून चाललो होतो.

काल तुमच्या घरी बुद्धवंदना होती. केनवड, मालेगाव, आणखी कुठकुठून माणसं आली होती, ओटा आणि अंगण भरून रस्त्यापर्यंत. बेकरीवाले चाचा एका कोपऱ्यात डोकं झाकून बसले होते. लोहार आला होता. ज्यांच्या वावरातून कौसल्याबाईंना काढलं होतं ते मालक आले होते, त्यांचा तुमच्याशी संबंध सांडशीपुरता, तरी आले होते. माझ्या रजिस्टरमधली नऊ माणसं मी मोजली. ती सगळ्यांत मिसळून बसली होती. जेवणाच्या पंगतीत मालकांच्या शेजारी कोण बसलं होतं, ते त्यांना माहीत नव्हतं आणि मी सांगणार नाही. ताटं सारखी होती.

माणसं पांगल्यावर मी वहिनींसमोर गेलो. माफी मागायची होती, ती तुमच्याऐवजी त्यांच्याकडे मागणं बरोबर की नाही ते कळत नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "वहिनी, त्यांचं बरोबर होतं. मी यायला उशीर केला."

त्या म्हणाल्या, "ते तुमच्यावर रागावले नव्हते. बुधवारी च्या जास्त टाकायले सांगत होते. चार महिने."

त्यांनीच पुढे विचारलं, "तुमच्या साहेबाची यादी?"

"आज सकाळी उत्तर टाकलं. नावं देणार नाही, फोटो देणार नाही असं कळवलं. सामान द्यायचं तर साऱ्या गावासाठी द्या, नाहीतर नको."

"ते देतीन?"

"बहुतेक नाही."

वहिनींनी मान डोलावली, जशी काही ही बातमी अपेक्षितच होती. "सोंगनी पंधरा दिवसांवर आली. साठ इळे तसेच पडून हायेत, लोहारानं देल्ले तसे. बुडवनं मले जमते. तपवाले मानूस लागते."

मी म्हणालो, मला येत नाही.

"त्यायले तरी कुठं येत होतं," वहिनी म्हणाल्या. "उद्या सकाळी या."

मी रजेचा अर्ज लिहून ठेवला आहे, पुंडलिकभाऊ. उजाडत आलंय, पहिल्या बसनं निघतो.